समुद्राकडे ओटा असलेलं घर

सुट्टीसाठी घर शोधताना मी आधी ओट्याचे फोटो बघते. बाल्कनीतल्या खुर्च्या आणि भिंतीवरचं जहाजाच्या नांगराचं चित्र नंतर. शेगड्या किती आहेत, पातेली भात शिजेल एवढी आहेत की नुसती शोभेची, ओट्यासमोर खिडकी आहे की भिंत, हे आधी. हॉटेलात माणूस पाहुणा असतो आणि पाहुण्याला गावातलं काही कळत नाही, हे माझं ठाम मत आहे. सकाळी दूध संपलं म्हणून खाली उतरावं लागलं, कचरा कुठल्या वारी नेतात हे शेजारी विचारावं लागलं, ओले टॉवेल वाळवायला जागा शोधावी लागली, की गावाशी थोडी तरी ओळख होते. इथे ब्रिटनमध्ये अशा घराला सेल्फ केटरिंग म्हणतात. आपलं आपण रांधायचं, आपलं आपण आवरायचं. मला सुट्टीत याहून जास्त काही नको असतं.

यंदा उन्हाळ्यात आई आली होती. तिला लांबचा प्रवास सोसत नाही, म्हणून बर्मिंगहॅमहून सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचता येईल अशी जागा हवी होती. धाकट्याला समुद्र हवा होता, थोरलीला आणि तिच्या बाबाला डोंगर. हे दोन्ही एका ठिकाणी हवं असेल तर वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यासारखी जागा नाही, आणि त्या किनाऱ्यावर बारमथसारखं गाव नाही. पाट्यांवर त्याचं वेल्श नाव आधी असतं, अबेरमौ. समोर कार्डिगन बे, आणि पाठीशी डोंगर इतका जवळ की जुनं गाव त्याच्या अंगावर चढत गेलंय. एका घराच्या दारातून खाली बघावं तर दुसऱ्याचं धुरांडं दिसतं. दक्षिणेला मौदाख नदीची रुंद खाडी, आणि खाडीपलीकडे कादैर इद्रिस, ८९३ मीटर उंच. आकडा सह्याद्रीच्या मानानं लहान वाटतो, पण हा डोंगर जवळजवळ समुद्राच्या पातळीपासूनच उठतो, त्यामुळे त्याची सगळी उंची डोळ्यांत भरते. गावाभोवतीचा बराचसा भाग एरीरी राष्ट्रीय उद्यानात येतो. आपण शाळेत स्नोडोनिया म्हणून शिकलो ते हेच. १९५१ मध्ये उद्यान झालं आणि २०२२ मध्ये उद्यानाच्या प्राधिकरणानं आपल्या कामकाजात वेल्श नावच वापरायचं ठरवलं.

आमचं घर करड्या दगडाच्या एका उंच, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. घराच्या मालकीणबाईंनी दुधाची बाटली आणि बारा ब्रिथचा अर्धा लोफ ठेवला होता. चहात भिजवलेले मनुके घालून केलेला हा वेल्सचा पाव-केक, त्यावर लोणी लावून खातात. आईनं तो चाखला, आणखी एक काप घेतला आणि मग स्वयंपाकघरातलं एकेक कपाट उघडून बघायला लागली.

तिला काय सापडत नाही ते मला माहीत होतं. परात. ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण चटणी आणि आमचा लोखंडी तवा आम्ही गाडीत घातला होता, परात मात्र राहून गेली. आईनं ओव्हनमध्ये मांस भाजायचा मोठा पत्र्याचा ट्रे काढला, तळ हातानं चाचपला आणि त्यातच पीठ मळलं. भाकरी थापताना ट्रे ओट्यावर सरकायला लागला, तेव्हा खाली ओलं फडकं घातलं. शेगडी काचेची, विजेची. विस्तव नाही म्हटल्यावर भाकरी फुगवायची कशी? तिनं तव्यावरच भाकरी उलटली आणि सुती रुमालाची गुंडाळी करून कडेकडेनं दाबत गेली. एका बाजूनं वाफ धरली, मग ती वाफ भाकरीभर पसरली आणि भाकरी टम्म झाली. थोरलीनं हे व्हिडिओत घेतलं. आईचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि त्या वेळी तो लांब गेला होता. बारमथची चौपाटी रुंद आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की काठावर उभं राहून पोरांना हाक मारली तर ऐकू जात नाही. खाडी तर जवळजवळ रिकामी होते. मधून पाण्याची एखादी वळणावळणाची वाट, बाकी वाळूच वाळू, आणि सहा तासांनी परत सगळं भरलेलं. आईला कोकणातला समुद्र पाहुणीसारखा माहीत होता. आठवडाभर दिवसाच्या प्रत्येक वेळी ओट्यापाशी उभं राहून तो येताना आणि जाताना तिनं इथेच पहिल्यांदा पाहिला. तिसऱ्या भाकरीच्या वेळी ती म्हणाली, "हे पाणी परत जातंय बघ. आमचं वर्षातनं एकदाच जायचं, ते पण अर्धंच."

आईचं माहेर कोयनेच्या जलाशयाखाली आहे. तापोळ्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठू लागलं तेव्हा ती पहिलीत जायच्या वयाची होती. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी रायगड-ठाण्याकडे गेलं, कुणी सोलापूर-सांगलीच्या कोरड्या मुलखात. आजोबांना सांगली जिल्ह्यात जमीन मिळाली. भातशेती करणारा माणूस ज्वारीच्या रानात जाऊन पडला, आणि आमच्या घरात भाकरी तांदळाची होती ती ज्वारीची झाली. पुनर्वसनाचे कागद आजोबा गेल्यावर मामाकडे आले. त्यातले काही अजून सरकारदरबारी अडकलेले आहेत.

नवरा चिपळूणचा आहे. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, तिथे त्यावर वीज होते आणि मग ते वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राला जातं. लग्न ठरलं तेव्हा मामा म्हणाला होता, "म्हणजे आपल्या दारातलं पाणी पाव्हण्यांच्या दारात जातंय." आई जावयाला आजही पाव्हणं म्हणते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा सासरच्या घरात पुरुषभर पाणी होतं, आणि सांगलीहून सगळ्यांत आधी फोन आला तो आईचा. कपडे, भांडी काही विचारलं नाही. "कागदपत्रं वर ठेवलीत का?" एवढंच.

पण आमची सुट्टी काही दुखवट्याची नव्हती. गाव पोरांच्या आवाजानं भरलेलं होतं. बंदराच्या धक्क्यावर दिवसभर खेकडे पकडायचा उद्योग चालतो. प्लास्टिकच्या फिरकीवर दोरी, टोकाला जाळीची पिशवी, पिशवीत बेकनचा तुकडा. दोरी धक्क्यावरून खाली सोडायची आणि जड लागली की हळूहळू वर घ्यायची. घाई केली की खेकडा मध्येच हात सोडतो. पकडलेले बादलीत ठेवायचे, बादलीत समुद्राचंच पाणी आणि थोडं शेवाळ, फार गर्दी करायची नाही, आणि शेवटी सगळे परत सोडायचे. आई लहानपणी ओढ्यातल्या दगडांखालून मुठे काढायची. तिनं धाकट्याला दाखवलं की खेकडा पाठीमागून कवचाच्या दोन्ही कडांना धरायचा, म्हणजे नांगी पोचत नाही. शेजारच्या एका वेल्श आजोबांनी ते बघितलं आणि मान डोलावली. ते नातवाशी वेल्शमध्ये बोलत होते, आई आपल्या नातवाशी मराठीत, आणि दोघांच्या सूचना बहुधा त्याच होत्या. बारमथ ज्या ग्विनेड परगण्यात येतं तिथे २०२१ च्या जनगणनेत ६४ टक्के लोकांना वेल्श बोलता येत होतं. सबंध वेल्सचा आकडा १८ टक्क्यांच्या आत आहे. धक्क्यावर, बेकरीत, टपालाच्या खिडकीशी ती सतत कानावर पडते, आणि परक्या भाषेच्या देशात आपली भाषा घरात जपणाऱ्या माणसाला ते ऐकून फार बरं वाटतं.

थोरली आणि तिचा बाबा एक दिवस कादैर इद्रिस चढून आले. या डोंगरावर जो एक रात्र झोपेल तो सकाळी एक तर वेडा होऊन उठतो, नाहीतर कवी, नाहीतर उठतच नाही, अशी इथली जुनी समजूत आहे. हे दोघं संध्याकाळी झोपायला घरी आले. हिमनदीनं कोरलेल्या खळग्यातलं काळंभोर तळं बघून थोरली बराच वेळ गप्प होती, आणि ती गप्प बसणारी मुलगी नव्हे.

आईच्या वाट्याला आला तो पूल. बारमथचा लाकडी रेल्वेपूल खाडीच्या तोंडावरून सुमारे ८०० मीटर जातो. तो १८६७ मध्ये सुरू झाला आणि त्यावरून अजून रोज गाड्या धावतात. रुळांच्या शेजारी लाकडी फळ्यांची पायवाट आहे. १९८० मध्ये असं लक्षात आलं की समुद्रातले लाकूड पोखरणारे जीव पाण्याखालचे खांब आतून खात आलेत. पूल जाईल असंच वाटलं होतं, पण एकेक खांब बदलून तो राखला. अलीकडेच आणखी मोठी दुरुस्ती झाली, तीही लाकडी भागापुरती पुन्हा लाकडातच. एवढा खर्च एका आडगावच्या रेल्वेसाठी का करायचा, असं विचारणारे इथेही आहेत. मला तो खर्च मनापासून पटतो. आम्ही मध्यावर होतो तेव्हा दोन डब्यांची गाडी संथपणे शेजारून गेली, पायाखालच्या फळ्या थरथरल्या, आणि आईनं कठडा न धरता माझा हात धरला. मागे वळून बघितलं की गावावरचा डोंगर दिसतो. त्याच्या उतारावर दिनास ओलाय नावाची साडेचार एकर काटेरी पिवळ्या झुडपांची जागा आहे. फॅनी टॅल्बट या बाईंनी ती १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेला, देऊन टाकली, ट्रस्टची ही पहिलीवहिली जमीन. तिथे काही बांधायचं नाही, सगळ्यांना चढून येऊ द्यायचं, एवढ्यासाठी. धरणाच्या बदल्यात कुठे किती गुंठे मिळाले याचे हिशेब ऐकत वाढलेल्या मला, कुणी आपली जमीन अशी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली ही गोष्ट फार मोठी वाटली.

एक दिवस आगगाडीनं हार्लेखला गेलो. १२८२ नंतर पहिल्या एडवर्डनं वेल्श लोकांना धाकात ठेवायला बांधलेल्या किल्ल्यांपैकी हा एक. बांधला तेव्हा समुद्र खडकाच्या पायथ्यापर्यंत होता आणि रसद जहाजानं येऊन जिन्यानं वर चढायची. आता समुद्र लांब हटलाय, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि गोल्फचं मैदान. पाणी कधीकधी जमीन देऊनही जातं, हे तटावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आणि घेतं कशी ते पलीकडच्या काठावर. बारमथच्या धक्क्यावरून लहानशी होडी खाडी ओलांडून नेते, तिथून वाफेच्या चिमुकल्या गाडीत बसून फेअरबोर्नला जायचं. पोरांसाठी म्हणून गेलो. मॅकडूगल नावाच्या पिठाच्या व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सखल दलदलीवर वसवलेलं हे समुद्रसुट्टीचं गाव आहे. भरतीचं पाणी त्याच्या रस्त्यांपेक्षा वर चढतं, ते थोपवायला बांध आहे. समुद्राची पातळी वाढत चालली, आणि किनाऱ्याच्या आराखड्यात असं ठरलं की हा बांध कायम राखत राहणं परवडणारं नाही. २०५४ च्या सुमारास गाव सोडावं लागेल, असा आकडा बातम्यांत आला. त्यानंतर घरांना कर्ज मिळेनासं झालं, किमती पडल्या. गावकरी म्हणतात, आम्ही आहोत तिथेच आहोत, आमची बाजू कुणी नीट ऐकलेली नाही.

गाव नीटनेटकं आहे. बंगल्यांपुढे फुलझाडं, एका दारात ओले वेटसूट वाळत घातलेले. मी आईला हे सगळं सांगितलं तेव्हा आम्ही बांधावर बसून सँडविच खात होतो. समुद्र किती वर आला, का वाढतोय, यातलं तिनं काही विचारलं नाही.

"मग ह्यांना कुठं नेणार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी त्या गावाबद्दल वाचलं होतं ते हवामानबदलाची बातमी म्हणून. तिला मात्र दिसली ती भांडी बांधून ठेवलेली घरं. कुठं नेणार याचं उत्तर अजून कुणाकडेही नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी तर जागा दाखवली तरी होती. दगडाची का असंना."

कार्डिगन बेमध्ये एक बुडालेलं राज्य आहे अशी दंतकथा आहे, कान्त्रेर ग्वाइलोद. सुपीक, सखल, बांधानं राखलेलं. एका रात्री राखणदार दारू पिऊन झोपला, दरवाजे उघडे राहिले आणि सगळं पाण्याखाली गेलं. शांत दिवशी देवळांच्या घंटा ऐकू येतात म्हणे. थोडं दक्षिणेला बोर्थच्या किनाऱ्यावर ओहोटीला हजारो वर्षांपूर्वीच्या जंगलाचे बुंधे खरोखरच उघडे पडतात, त्यामुळे कथेला आधार नाही असंही म्हणवत नाही. धाकट्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, मग राखणदाराला शिक्षा काय झाली? शिक्षेचं मला आठवत नव्हतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी थोरलीला राफ्टिंग करायचं होतं. त्यासाठी बाला गावाजवळ ट्रावेरिन नदीवर जावं लागतं. भर उन्हाळ्यातही तिथे पाण्याला जोर असतो, कारण ते पाणी पावसाचं नाही, वरच्या धरणातून सोडलेलं असतं. धरणाच्या भिंतीखालून पांढरं पाणी दगडांवर आदळत येतं आणि लाल-निळ्या रबरी होड्या त्यात उड्या मारतात. थोरली आणि तिचा बाबा पाण्यात उतरले आणि आम्ही तिघं काठानं चालत राहिलो. मला पुढचं ठिकाण आधीपासून माहीत होतं. आईला न्यायचं की नाही, एवढंच ठरत नव्हतं. शेवटी तिनंच विचारलं, वर धरण आहे तर त्याच्या पोटात काय आहे?

त्याच्या पोटात कापेल केलिन आहे. चॅपल, शाळा, टपाल कचेरी आणि बारा घरं-शेतवाड्या. पाणी हवं होतं लिव्हरपूल शहराला. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेनं कायदा करून परवानगी दिली, त्यामुळे वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक संस्थेला विचारायची गरज उरली नाही. वेल्सच्या एकाही खासदारानं त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नाही, तरी तो झाला. त्याआधी, १९५६ च्या नोव्हेंबरात, गावच्या लोकांनी पोराबाळांसकट लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा काढला होता. १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं ते काही मिनिटांतच उरकावं लागलं, कारण निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा कापल्या. लिव्हरपूलच्या महापालिकेनं माफी मागितली ती २००५ मध्ये. आजही वेल्समध्ये भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर दोन शब्द दिसतात, कोविख द्रवेरिन. ट्रावेरिन विसरू नका.

सालं बघून मी चरकले होते. कोयना आणि कापेल केलिन, दोन्ही एकाच दशकात बुडाली. कोयनेचा पसारा कितीतरी पटींनी मोठा, आणि कोयनेची वीज आम्ही सगळ्यांनीच वापरली. मी ज्या दिव्याखाली अभ्यास केला तो तिच्यावरही चालला असेल. धरणं नकोतच असं आईनं आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. तिचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या गावाचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

इथे लिहिलं आहे. जलाशयाच्या काठी रस्त्याला लागून एक लहानसं दगडी स्मारक-चॅपल आहे. गावच्या दफनभूमीतून काही कुटुंबांनी आपल्या माणसांचे अवशेष हलवले, बाकीचे तिथेच राहिले आणि त्यांच्यावर काँक्रीट पडलं. थडग्यांवरचे दगड मात्र काढून इथे आणून लावलेत. सगळं वेल्शमध्ये होतं, आईला ते वाचता येत नव्हतं. तरी ती प्रत्येक दगडापाशी थांबली. एका दगडावर खाली आडनावाच्या वर तीन नावं आणि तीन सालं होती. तिनं त्या सालांवरून बोट फिरवलं आणि हिशेब केला. नवरा, बायको आणि त्यांच्याआधी गेलेलं मूल. ते बरोबर असावं. दगडाच्या कडेला चिकटलेलं वाळकं शेवाळ तिनं नखानं खरवडून काढलं, आपल्याकडे तुळशीवृंदावनाची कड साफ करतात तसं.

परतताना गाडीत थोरली राफ्टिंगचं सांगत होती. होडी कशी उलटता उलटता राहिली, बाबा कसा ओरडला. आईनं सगळं ऐकून घेतलं, मध्येच दोन प्रश्नही विचारले. त्या पाण्यावर पोरांनी खेळणं तिला खटकलं का, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, पोरं कुठल्या पाण्यात खेळत नाहीत?

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. तापोळ्याला आता लोक मिनी काश्मीर म्हणतात. पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, जलाशयाकाठी खोल्या आणि तंबू आहेत, स्ट्रॉबेरीचे मळे आहेत, आणि बोटवाले तासाच्या हिशेबानं पाण्यावर फिरवून आणतात. आईच्या घरावरून. त्या बोटवाल्यांत काही आमच्याच नात्यातले आहेत, आणि त्यांची पोरं त्या पैशांवर शिकली. मी बारमथमध्ये ज्या खिडकीशी उभी होते ती खिडकीही कुणाच्या तरी गावातली होती. ग्विनेडमध्ये सुट्टीच्या घरांनी गावं पोखरली आहेत ही तक्रार जुनी आहे. शिकून परत येणाऱ्या तरुणांना घर घेता येत नाही, आणि हिवाळ्यात गल्लीच्या गल्ली अंधारात असते. म्हणून २०२३ पासून तिथल्या परिषदेनं सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करावर आणखी १५० टक्के कर लावला. भाड्यानं देणाऱ्यांसाठी वेल्स सरकारनं नियम कडक केला. वर्षातले किमान १८२ दिवस घर खरोखर भाड्यानं गेलं तरच तो धंदा समजायचा. मालकीणबाई शेजारच्याच गल्लीत राहतात, त्या म्हणाल्या की ही अट जमवताना नोव्हेंबर-फेब्रुवारीत फार ओढाताण होते. मला त्यांची अडचण कळते. कर मात्र योग्यच वाटतो. गाव राहायला उरलं पाहिजे, नाहीतर आम्ही दूध कुणाकडून घेणार?

याचा उपाय म्हणून मी सुट्टीला जाणं सोडणार नाही. कोकणात, गोव्यात, तापोळ्याला, बारमथला, सगळीकडे सुट्टीवर येणाऱ्यांवर कुणाची तरी चूल पेटते. मात्र जिथे राहीन तिथे गावात राहणाऱ्या माणसाचं घर घ्यायचं, गाडी भरून सुपरमार्केटचं सामान न्यायचं नाही, आणि पाण्याखाली काय आहे ते विचारायचं, एवढं मी ठरवलं आहे. त्या आठवड्यात पाव बेकरीतून आला, बटाटे भाजीवाल्याकडून, आणि एका संध्याकाळी धक्क्यावर नुकत्याच आलेल्या होडीतून मॅकरल. आपल्या बांगड्याच्याच कुळातला, अंगावर हिरव्या-काळ्या लाटा असलेला. चिपळूणकर जावयानं तो साफ केला, आईनं कांदा-लसूण चटणी, हळद आणि लिंबू चोळून तव्यावर टाकला. वासानं खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, तेव्हा त्यांनाही ताटली गेली.

शेवटच्या संध्याकाळी पाऊस होता. वेल्समध्ये तो असतोच. धाकटा जेवणाच्या टेबलाशी चित्रं काढत बसला होता. त्यानं आजीला विचारलं, तुझं गाव कसं होतं ते सांग, मी नकाशा काढतो. आई आधी नको म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. नदी इकडनं, म्हणाली. तिच्यावर साकव. साकवाच्या वर भैरोबा. भैरोबाच्या पुढं पाटलांचा वाडा, मग जंगमांचं घर, मग आमचं. धाकटा घरांना नंबर द्यायला लागला, तर तिनं थांबवलं. नंबर नको, नावं लिही. तिला सोळा-सतरा घरांची नावं सलग आठवली, काही नुसती बाईच्या नावानं. मी मराठीत लिहून देत होते, तो खाली इंग्रजी अक्षरांत उतरवत होता.

विहिरीपाशी ती अडली. फोन लावला सांगलीला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पण मामा जागाच होता. म्हाताऱ्या माणसाला कसली झोप, म्हणाला. आईनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मामानं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि मग ओरडला, "अगं, विहीर गोठ्याच्या मागं कशी असंल? विहीर चिंचेच्या खाली!" आई म्हणाली, चिंच ओढ्याच्या पल्याड. मामा म्हणाला, तू लहान होतीस, तुला काय ठावं. आई म्हणाली, पाणी मी आणत होते, तू नव्हे. धाकट्यानं विहीर खोडली, चिंचेखाली काढली, परत खोडली. शेवटी दोन विहिरी काढून एकीपुढे आजी आणि दुसरीपुढे मामा-आजोबा असं लिहिलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा तापोळ्याहून बोट करून जायचं आणि बघायचं, असं फोनवरच ठरलं. राहायला मामाच्या ओळखीच्या बोटवाल्याचं घर आहे. तिथे चूल आहे का, हे आईनं फोन ठेवण्याआधी विचारून घेतलं.